खेळताना संगणक बंद पडतो, फटका मात्र धंद्याला बसतो

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा मागाच्या गावांत आज एक गोष्ट सर्रास दिसते. दुकानात किंवा कारखान्याच्या ऑफिसात एकच चांगला संगणक असतो. दिवसा त्यावर बिले निघतात, जीएसटीचा हिशेब होतो, कोणी साडीची किंवा भरतकामाची डिझाइन तयार करतो. रात्री इशाच्या नमाजानंतर त्याच संगणकावर घरातील मुले खेळ खेळतात. मग एके दिवशी तक्रार सुरू होते की, खेळ ऐन रंगात आला म्हणजे संगणक आपोआप बंद होतो आणि स्वतःच पुन्हा सुरू होतो. वडील म्हणतात, खेळ बंद करा. मुलगा म्हणतो, नवा संगणक घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला. आमच्या मते तिघांचेही म्हणणे घाईचे आहे.

कोणता खेळ खेळावा आणि किती वेळ खेळावा, हा आई-वडिलांचा प्रश्न आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, आणि जुगार तर आपल्याकडे मुळातच हराम आहे. तो विषय येथे नाही. येथे विषय यंत्राचा आणि त्यावर वाया जाणाऱ्या पैशाचा आहे.

खेळ हा घरातील संगणकावर पडणारा सर्वांत जड भार असतो. बिल टाइप करताना जो संगणक पन्नास-साठ वॅट वीज घेतो, तोच ग्राफिक्स कार्डावर मोठा खेळ चालू होताच तीनशे वॅटपर्यंत जातो. रिकामा माग सुरळीत चालला म्हणून भीम चढवल्यावरही तो चालेलच असे नाही. तेव्हा खेळामुळे दोष निर्माण होत नाही, आधीपासून असलेला दोष खेळामुळे उघड होतो. जो दोष आज खेळात दिसतो, तोच उद्या मार्च अखेरीस हिशेबाची फाइल लिहिली जात असताना दिसेल, आणि त्या वेळी नुकसान गमावलेल्या डावापुरते राहणार नाही.

संगणक बंद का होतो?

यंत्रमागात बाणा तुटला की वेफ्ट फोर्क माग थांबवतो. कोणीही शहाणा कारीगर त्या फोर्कला शिव्या देत नाही, तो तुटलेला धागा शोधतो. संगणकातही अशीच व्यवस्था असते. वीज पुरवणारा डबा, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, त्याच्यावर ताकदीबाहेर भार आला की तो स्वतःला बंद करतो. प्रोसेसर फार तापला की आधी वेग कमी करतो आणि तरीही उष्णता उतरली नाही तर यंत्र बंद होते. मेमरीत चूक झाली की विंडोज पुढचे नुकसान टाळण्यासाठी काम थांबवून निळा पडदा दाखवते. कारणे मुख्यतः चार आहेत : वीज, उष्णता, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डचा क्रमांक यानंतर येतो. बोर्ड जात नाही असे नाही, पण पहिल्याच दिवशी बोर्डाचे नाव घेणारा माणूस तपासून बोलतो आहे की अंदाजाने, हे विचारून घ्यावे.

आधी लक्षणे लिहून घ्यावीत

दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि पुढील गोष्टी टिपाव्यात. दिवा विझावा तसा संगणक एका क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर संशय विजेवर घ्यावा. आधी खेळ संथ होतो, पंख्यांचा आवाज वाढतो आणि मग यंत्र बंद पडते, तर उष्णतेवर घ्यावा. निळा पडदा दिसत असेल तर मेमरी किंवा ड्रायव्हर. पडदा काळा होतो पण आवाज चालूच राहतो, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. किती मिनिटांनी बंद पडतो, दिवसा की रात्री, शेजारचा कारखाना चालू असताना की बंद असताना, हेही लिहावे.

विंडोजमध्ये एक सोय अशी आहे की, मोठी चूक होताच संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे निळा पडदा क्षणभरच दिसतो आणि त्यावरील मजकूर वाचता येत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी. पुढच्या वेळी निळा पडदा आला तर तो तसाच राहील आणि त्यावरचा संकेत लिहून घेता येईल. खूण काढूनही निळा पडदा न येता संगणक थेट बंदच होत असेल, तर संशय पुन्हा विजेकडे जातो.

विंडोज आपली रोजनिशीही ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम हा भाग पाहावा. तेथे ‘कर्नल-पॉवर’ आणि ४१ हा क्रमांक सापडेल. या नोंदीचा अर्थ एवढाच की, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. पुष्कळ जण हा क्रमांक पाहून ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ असे ठरवून मोकळे होतात, ते बरोबर नाही. त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड असतो. तो शून्य असेल तर विंडोजला चूक लिहून ठेवायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली असण्याची किंवा यंत्र जागीच गोठले असण्याची शक्यता जास्त. शून्य नसेल तर निळ्या पडद्याचा माग धरावा. ‘डब्ल्यूएचइए लॉगर’ या नावाची नोंद सोबत असेल तर प्रोसेसर किंवा अन्य हार्डवेअरने स्वतः चूक कळवली आहे असे समजावे.

एका वेळी एकच बदल

फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांवर चालणारा माग तयार केला. पुढे अशीच भोकांची पत्रे संगणकांनाही हुकूम देण्यासाठी वापरली गेली. जॅकार्डवर नक्षी चुकली तर जाणता कारीगर सगळ्या पट्ट्या फेकून देत नाही, क्रमाने एकेक पट्टी पाहतो. संगणकाच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अर्धा तास खेळ चालवून पाहावा आणि वहीत लिहावे. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पैसे मात्र तिन्ही वस्तूंचे जातात.

क्रमही स्वस्तापासून महागाकडे असावा. सुरुवात फुकटच्या चाचणीने करावी. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा कमी करण्याची सोय ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असते. ती ७५ ते ८० टक्क्यांवर आणावी आणि खेळाची गती सेकंदाला ६० चित्रांवर बांधून ठेवावी. खेळाच्या मजेत फारसा फरक पडत नाही. एवढ्याने संगणक बंद पडणे थांबले, तर दोष वीज किंवा उष्णता यांच्यातच आहे हे जवळजवळ ठरले, आणि योग्य वस्तू घेईपर्यंत कामही चालू राहते.

दुसरी चाचणी म्हणजे भार वेगवेगळा टाकणे. प्रोसेसरवर भार टाकण्यासाठी ‘सिनेबेंच’ आणि कार्डावर भार टाकण्यासाठी ‘फरमार्क’ अशी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. प्रत्येक चाचणी दहा-पंधरा मिनिटे, समोर बसून आणि तापमानावर नजर ठेवून करावी. एकट्या प्रोसेसरच्या भाराने यंत्र पडले तर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि बोर्ड पाहावा. एकट्या कार्डाच्या भाराने पडले तर कार्ड आणि त्याची वायर पाहावी. दोन्ही वेगवेगळे टिकतात पण एकत्र चालवले की पडतात, तर एसएमपीएस कमी पडतो असे मानून पुढे जावे.

विजेचा हिशेब

आपल्या गावांत विजेचा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. मागाची मोटर सुरू होताना चालत्या मोटरच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. शेजारच्या कारखान्यात ओळीने मोटरी सुरू झाल्या की त्याच लाइनवरचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. बल्ब मिचकावतो तोच हा क्षण. अशा वेळी यूपीएस बॅटरीवर जातो आणि येथेच घोटाळा होतो.

बाजारात सर्वांत जास्त खपणारा छोटा यूपीएस ६०० व्हीएचा असतो. ६०० हा आकडा वॅटचा नाही. असा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आता हिशेब मांडू. आरटीएक्स ३०६० हे कार्ड भर खेळात १७० वॅट घेते. प्रोसेसरचे ८० धरू, बोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांचे ४०. बेरीज २९०. एसएमपीएस स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३४० वॅट खेचले जातात. मॉनिटरचे २५ मिळवले की ३६५. म्हणजे यूपीएसची मर्यादा ओलांडली गेली. बिले करताना हा यूपीएस उत्तम चालेल, पण खेळात व्होल्टेज पडताच तो भार टाकून देईल. बॅटरी जुनी असेल तर त्याहून आधी. म्हणून तपासणीसाठी एक दिवस संगणक यूपीएस वगळून थेट चांगल्या पिनेवर लावावा. दोष गेला तर शंभर-दोनशे वॅटची सवड असलेला यूपीएस घ्यावा, बोर्ड बदलू नये. ढिला प्लग, जळका एक्स्टेन्शन बोर्ड आणि नसलेले अर्थिंग यांची तपासणी त्याच दिवशी वायरमनकडून करून घ्यावी.

यानंतर एसएमपीएस. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेले असते, पण वाचायचे ते बारीक अक्षर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट झाले, मग वर ४५० लिहिलेले असो. खऱ्या ५५० वॅटच्या डब्यात हा आकडा ४५ अँपिअरच्या जवळपास असतो. आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे, तो याच कारणाने. शिवाय मोठी कार्डे अगदी अल्प क्षणासाठी नेमलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतात. या उसळ्या एसएमपीएसने सोसाव्यात म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवे मानक आले. कापडाचा ताका घेताना आपण मीटर मोजून घेतो, छापावर विश्वास ठेवत नाही. एसएमपीएस घेतानाही तेच करावे.

एक इशारा. एसएमपीएस घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. मित्राकडून चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून लावून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा होय. मात्र एका डब्याच्या सुट्या वायरी दुसऱ्या डब्याला लावू नयेत. प्लग सारखा दिसला तरी आतील जोडणी वेगळी असू शकते.

रुई आणि उष्णता

मागाच्या गावातील संगणकाचा दुसरा शत्रू रुई. कारखान्याच्या हवेतील तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखे घट्ट बसतात. मग पंखा कितीही फिरो, हवा जात नाही. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसते. खेळताना प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना टेकत असेल, तर दुसरा दोष शोधण्याआधी सफाई करावी. कॅबिनेटचे झाकण काढून टेबल फॅन समोर ठेवावा. तेवढ्याने फरक पडला तर कारण सापडले.

सफाई करताना प्लग काढावा, मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत म्हणजे हवेच्या जोराने ती भरधाव फिरत नाहीत. ओला कपडा लावू नये. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते, ती बदलून घ्यावी. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता फूटभर उंचीवर ठेवावे, आणि कारखान्याच्या ऑफिसात असेल तर महिन्यातून एकदा झाडून घ्यावे. मागाला तेलपाणी लागते तसे संगणकाला हे लागते.

मेमरी आणि जुनी कार्डे

वीज आणि उष्णता ठीक निघाली तर मेमरीकडे वळावे. पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची वेग वाढवणारी सोय चालू असेल तर ती बंद करून पाहावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून खेळ चालवावा. ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालू ठेवावे. त्यात एकही चूक दिसली तर त्या पट्टीवर हिशेबाचे काम करू नये. अशी पट्टी संगणक बंद न पाडताही आकडे बिघडवू शकते.

ग्राफिक्स कार्डाबाबत एक बाजारी हकीकत ठाऊक असावी. इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम हजारो ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवून होत असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि जगभर अशी वापरलेली कार्डे विक्रीला आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, जुने कार्ड घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. खाणकामातले प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही. परंतु पंखे झिजलेले आणि थर्मल पॅड वाळलेले असू शकतात. विक्रेत्याच्या टेबलावर अर्धा तास पूर्ण भार टाकून, तापमान पाहून मगच पैसे द्यावेत.

ऐब सांगून विकावा

येथे दुरुस्ती आणि जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या आपल्या तरुण बांधवांना दोन शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात आणि आत ओल लागते, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाही, हा त्यांचा विक्रेत्याला सवाल होता. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा दोष लपवणे आणि ढिल्या वायरीला ‘बोर्ड गेला’ म्हणणे, ही आजची ओली रास आहे. गिऱ्हाइकाला संगणकाचे ज्ञान नसते, म्हणून तो आपले यंत्र अमानत म्हणून ठेवून जातो. तपासणीची मजुरी वेगळी आणि उघडपणे सांगावी. तपासणे हेही काम आहे, त्याचे दाम घेण्यात लाज नाही. लाज आहे ती तपासणी फुकट सांगून नको असलेल्या सुट्या भागात दाम वसूल करण्यात.

गिऱ्हाइकानेही आपले कर्तव्य पाळावे. वही सोबत न्यावी, कोणता भाग कशावरून बदलला हे विचारावे, जुना भाग परत मागावा, पक्के बिल घ्यावे. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा दावा टिकत नाही, आणि धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरील जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला पक्क्या बिलावरच मिळते.

व्यापाऱ्याने काय करावे

ऐपत असेल तर हिशेबाचा संगणक आणि खेळाचा संगणक वेगळे ठेवावेत. हिशेबाला महागडे कार्ड लागत नाही, साधा संगणक पुरतो आणि छोटा यूपीएस त्याला पेलतो. ऐपत नसेल तर एक नियम पक्का करावा : रात्री मुलाने खेळ सुरू करण्याआधी दिवसाच्या हिशेबाची आणि डिझाइनची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पेनड्राइव्ह संगणकात न ठेवता कपाटात ठेवावा. हे काम मुलाकडेच सोपवावे. खेळायची मुभा त्या बदल्यात मिळते, हे त्याला समजते.

ज्या दिवशी खेळात संगणक पहिल्यांदा बंद पडेल, त्याच दिवशी वहीत तारीख लिहावी आणि तपासणी सुरू करावी. बहुतेक वेळा इलाज प्लग, रुई, यूपीएस किंवा एसएमपीएस यांतच निघतो. बोर्डाचे पैसे त्यानंतर मोजावेत, आणि तेही चाचणी डोळ्यांदेखत झाल्यावर.